एका नावावर दोन किट

सत्यवतीबाईंच्या नावाने परदेशातून काही येण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या वसईजवळच्या कामणच्या घराच्या ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. कुरिअरवाल्याने गेटातूनच हाक मारली, "सत्यवती रिसर्च लॅब इथेच का?"

"सत्यवती मीच," त्या म्हणाल्या. "बाकीचं कोन ते मला नाय माहीत."

कुरिअरवाल्याला तेवढं पुरलं. त्याने सही घेतली, खोकं दिलं आणि गाडीला किक मारून निघून गेला. खोकं मिठाईच्या खोक्याएवढं, पांढरंशुभ्र, इतकं गुळगुळीत की हातातून निसटेल की काय असं वाटावं. सत्यवतीबाईंनी ते पदराने पुसलं, देव्हाऱ्यापुढे ठेवलं आणि त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं. संध्याकाळी कल्पेश कामावरून आला तेव्हा खोक्यावर जास्वंदीचं फूलही होतं.

"आई, अगं चिप आहे ती, देव नाही."

"तुझं पोट त्याच्यावर चालतं ना? मग झालं तर," त्या म्हणाल्या. "पन माझ्या नावावर कशाला मागवलं?"

कल्पेश हसला. सांगायला गंमतच वाटत होती त्याला तेव्हा.

कल्पेश त्याच्या जयरामकाकांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. कारखाना म्हणजे सातिवलीतला एक गाळा. खाली पॅकिंग, वर लांब टेबलं, टेबलांवर सोल्डरिंग करणाऱ्या बायका, आणि कोपऱ्यात काचेची एक खोली. तिथे मोजमापाची यंत्रं ठेवलेली म्हणून सगळ्या गाळ्यात एसी तेवढा तिथेच, आणि त्या खोलीत बसणारा कल्पेश. या गाळ्यात एकच वस्तू बनायची. हातात मावेल एवढं, पिवळ्या प्लास्टिकचं, विषारी वायू ओळखणारं यंत्र. गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरणाऱ्या माणसाने ते छातीला अडकवायचं. वायू असला की ते असं किंचाळायचं की कानाचे पडदे फाटावेत. त्याचं कागदावरचं नाव इंग्रजीत काहीतरी लांबलचक होतं, पण जयरामकाका त्याला टिटवी म्हणायचे, आणि मग गिऱ्हाइकंही टिटवीच मागायला लागली.

या वायूची एक हरामखोरी आहे. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि माणूस सावध होतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास येईनासा होतो, माणसाला वाटतं हवा साफ झाली, आणि तो आणखी एक पायरी खाली उतरतो. म्हणून नाकावर भरवसा ठेवून चालत नाही, टिटवी लागते. माणसाला टाकीत उतरवू नये असा कायदा आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. टाक्या तुंबतात हेही सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तुंबली की कोणाला फोन करायचा हे तर प्रत्येक सोसायटीच्या वॉचमनला पाठ असतं.

टिटवीच्या पोटात जो प्रोसेसर होता तो बनवायचं परदेशी कंपनीने बंद केलं. जुना झाला म्हणे. त्याच्या जागी नवा आला, लहानसा, वेगवान, बॅटरी जपून वापरणारा. केवढा गाजावाजा केला त्यांनी! 'आजपासून उपलब्ध', असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. उपलब्ध कोणाला, ते मात्र लिहिलं नव्हतं. मोबाइल बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी सगळा माल आधीच उचलला होता. सातिवलीच्या गाळ्याला उत्तर आलं की पुढच्या वर्षी बघू. तोपर्यंत हवं तर डेव्हलपमेंट किट घ्या. किट म्हणजे तोच नवा प्रोसेसर बसवलेला एक बोर्ड, इंजिनिअर लोकांनी टेबलावर ठेवून शिकण्यासाठी, करून बघण्यासाठी. तेही एका ग्राहकाला दोनच.

कल्पेशचं तोंड उतरलं. मलनिस्सारणाच्या एका मोठ्या ठेकेदाराची ऑर्डर घेऊन बसले होते ते. जयरामकाकांनी मात्र मिशीवरून हात फिरवला.

"एका गिऱ्हाइकाला दोन ना? मग गिऱ्हाइकं वाढवू."

आणि वाढवली की! सत्यवतीबाईंची रिसर्च लॅब झाली. मिक्सर दुरुस्त करणारा फेबियन 'फेबियन इनोव्हेशन्स' झाला. लुईसच्या बेकरीच्या पत्त्यावर 'लुईस टेक्नॉलॉजीज' निघाली आणि पावांच्या पाट्यांवर किटची खोकी येऊन पडली. कल्पेशच्या मामेबहिणीचं, रचनाचं, ब्यूटी पार्लर रातोरात सेमीकंडक्टर संशोधनाला लागलं. कामण ते नायगाव जो कोणी ओळखीचा होता, त्याच्या नावावर दोन दोन किट निघाली. सगळ्यांना वाटलं, आपण जयरामला मदत करतोय. तसे ते करतही होते. कोणाची सही लागली तर 'ही घे' म्हणून करायची, ही इथली जुनी रीत. कशावर केली ते विचारायचं नसतं.

किट आली की सोल्डरिंगच्या टेबलावरच्या आशालताबाई गरम हवेच्या बंदुकीने त्यांच्यावरचा प्रोसेसर अलगद उतरवायच्या आणि टिटवीच्या बोर्डावर बसवायच्या. सगळे प्रोसेसर एकाच ट्रेमध्ये पडायचे. कोणाचा कुठला ते बघायचं कारणच नव्हतं. सत्यवतीबाईंचं पांढरं खोकं रिकामं झाल्यावर त्यांनी मागून घेतलं आणि त्यात देवाच्या वाती ठेवल्या.

खोक्यांबरोबर एक कागद यायचा. आशालताबाई तो कचऱ्यात टाकायच्या, कल्पेशने तो वाचला. हे प्रोसेसर पहिल्या घाण्याचे आहेत, चाचणीसाठी आहेत, विकायच्या मालात घालू नयेत, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. खाली माहीत असलेले दोष दिले होते. त्यातला एक त्याने पुन्हा वाचला. बॅटरी वाचवण्यासाठी हा प्रोसेसर मधेमधे क्षणभर झोपतो. पण तो तापलेला असला, तर कधीकधी उठतच नाही.

टिटवीवरचा हिरवा दिवा वेगळ्या सर्किटवर चालायचा. प्रोसेसर झोपला तरी तो लुकलुकत राहणार. म्हणजे माणूस दिवा बघणार, यंत्र चालू आहे समजणार, आणि आत उतरणार.

तो तसाच कागद घेऊन काकांकडे गेला.

"झोपूच देऊ नको मग त्याला," जयरामकाका म्हणाले.

"मग बॅटरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पण टिकणार नाही, काका. ठेकेदार परत पाठवेल."

"मग उठव. तू इंजिनिअर कशाला झालास?" काकांनी आवाज खाली आणला. "कल्पेश, वर बायका बसल्यात त्या बघतोस ना? हा माल गेला नाय तर गाळ्याला कुलूप. मी काय वाईट सांगतोय तुला? तुझ्या डोक्याने उपाय काढ, एवढंच सांगतोय."

जयरामकाका वाईट माणूस नव्हते. तसे असते तर फार सोपं झालं असतं. वडील गेल्यावर कल्पेशची फी त्यांनीच भरली होती, आणि ते एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

कल्पेशने उपाय काढला. प्रोसेसर ठरावीक वेळाने स्वतःला बंद करून पुन्हा चालू करील, असा प्रोग्राम लिहिला. मग काचेच्या खोलीत टेबलावर टिटव्या मांडून त्यांना वायू हुंगवला. सगळ्या टिटव्या किंचाळल्या. दुसऱ्या दिवशीही किंचाळल्या. कल्पेशला इतकं हलकं वाटलं की त्याने खाली जाऊन सगळ्यांना चहा सांगितला. एसी चालू होता, खोली गारगार होती. यंत्र तापलं की काय होतं ते बघायचं, तर ते एसीत कसं दिसणार? हे त्याच्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं होतं. एकदा हीटर लावून बघू, असं तो रोज ठरवत होता. हीटर लावला आणि टिटवी गप्प राहिली तर काय करायचं, हे ठाऊक नव्हतं म्हणून लावत नव्हता.

मार्चअखेर कृष्णा आला. कृष्णा मूळचा परभणीकडचा, तुळिंजला भाड्याच्या खोलीत राहणारा, टाक्या साफ करणारा. कारखान्याची अगदी पहिली टिटवी वापरून पाहायला घेतली ती यानेच. ती कुठे अडकते, दोर कुठे असावा, आवाज केवढा हवा, सगळं यानेच सांगितलं होतं. एकदा तिने त्याला आणि त्याच्या साथीदाराला आतून हाकलून काढलं, तेव्हा तो पेढे घेऊन आला होता. सातिवलीच्या बायका त्याला टिटवीचा मामा म्हणायच्या.

"भाऊ, म्हातारी गेली," त्याने जुनी टिटवी टेबलावर ठेवली. "दाबलं तरी उठंना."

कल्पेशने ती उघडली. प्रोसेसर गेला होता. बदलायला तो आता जगात कुठे मिळत नव्हता.

"नवी घेऊन जा, कृष्णादा."

कपाटात जुन्या बनावटीची एक टिटवी शिल्लक होती, चांगली चालू. ठेकेदाराचे लोक आले की दाखवायला काकांनी ती ठेवलेली. कल्पेशची नजर तिच्यावर गेली. ती काढून द्यावी असं त्याला मनापासून वाटलं. पण मग काकांना कारण सांगावं लागलं असतं, आणि कृष्णानेही विचारलं असतं की नवी सोडून जुनी का? त्याने टेबलावरची नवी उचलली.

कृष्णाने ती तळहातावर घेऊन जोखली. "हलकी झाली की हो." मग सहज विचारावं तसं विचारलं, "ओरडंल नव्हं ही?"

"ओरडेल."

"जुन्यावानी?"

"जुनीपेक्षा चांगली," कल्पेश म्हणाला. आणि मग उगाच काहीतरी सांगायचं म्हणून बोलला, "फक्त उन्हात ठेवू नका."

"उन्हात कशाला ठेवू? लेकरावानी संभाळतो तिला," कृष्णा हसला आणि टिटवी शर्टाच्या आत, बनियनला चिकटून, नीट ठेवून घेतली. त्याची ती सवयच होती. घाण लागू नये म्हणून, वायू हुंगायची जाळी तेवढी मोकळी सोडून, प्लास्टिकच्या पिशवीत घालायची आणि अंगाशी ठेवायची. जुन्या टिटवीला त्याचं काही वाटत नव्हतं. कल्पेशने ते पाहिलं. सांगावं म्हणून तोंडही उघडलं. तोवर कृष्णा जिना उतरून गेला होता.

एप्रिलात वसईत दुपारी अंगाला शर्ट चिकटतो, आणि तापलेल्या गच्च्यांवर पाय ठेवत नाही. अशाच एका दुपारी कल्पेशच्या फोनवर कृष्णाचा नंबर आला. बोलत होती त्याची बायको संजना.

"भाऊ, तुम्ही या," एवढंच ती म्हणाली.

तुळिंजच्या एका सोसायटीच्या मागे टाकीचं झाकण उघडं होतं. भोवती माणसं, गॅलऱ्यांतून माणसं, हातात फोन धरलेली माणसं. कृष्णाला वर काढून पाण्याच्या टाकीच्या सावलीत निजवला होता. अंगावर कोणाच्या तरी घरातली फुलाफुलांची चादर. ॲम्ब्युलन्स यायची होती, पण घाई कोणालाच नव्हती. वॉचमन जो येईल त्याला पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. "उतरायच्या आधी मशीन बघितलं त्याने. मला पण दाखवलं. हिरवा आहे म्हणाला. मी म्हटलं थोडं थांब, झाकण आत्ताच उघडलंय. तर म्हणतो, नवी आहे, कशाला थांबायचं?"

मशीन नव्हतं तेव्हा कृष्णा झाकण उघडून तास तास थांबायचा. नाक दाबून वाकून बघायचा, कमरेला दोर बांधायचा. हे त्यानेच कल्पेशला सांगितलं होतं. टिटवी आली आणि थांबणं सुटलं.

चादरीबाहेर आलेल्या त्याच्या छातीवर टिटवी होती. प्लास्टिकच्या पिशवीत, जाळी मोकळी ठेवून नीट रबर लावलेली. दिवा हिरवा लुकलुकत होता. कल्पेश खाली बसला. त्याने ती उचलली, पिशवी काढली. टिटवी गरम होती, तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखी गरम. त्याला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. त्याला फक्त भीती वाटत होती, आणि कोणी आपल्याकडे बघतंय का एवढंच सुचत होतं. याची लाज त्याला जन्मभर पुरणार होती.

संजना कृष्णाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. सावलीत वारा आला. कल्पेशच्या हातात टिटवी हळूहळू निवत गेली. आणि मग ती ओरडली.

कृष्णाच्या भिजलेल्या कपड्यांमध्ये जो काही वायू उरला होता, तो तिला आता कळला. गॅलऱ्यांतली माणसं दचकली. एक बाई मुलाला घेऊन आत पळाली. कल्पेश बटण दाबत राहिला, पण ती बंद होईना. सगळी गल्ली त्या आवाजाने भरून गेली.

संजनाने मान वर केली. "आता कशाला ओरडती ही?" तिने विचारलं. खरंच विचारलं तिने, टोमणा नव्हता तो. त्याला उत्तर ठाऊक असेल असं वाटलं होतं तिला.

कल्पेशने शेवटी बॅटरी उपसून काढली.

पोलिसांनी अपघाताची नोंद केली. सोसायटी म्हणाली, आम्ही ठेकेदाराला सांगितलेलं. ठेकेदार म्हणाला, आम्ही मास्क दिलेला. टिटवीबद्दल कोणी विचारलंच नाही. ती कल्पेशच्या बॅगेत सातिवलीला आली, जयरामकाकांनी ती ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. त्यांचा चेहरा काळवंडला होता. "त्याच्या पोरांचं शिक्षन मी बघतो," ते म्हणाले. "पन तू कोनाशी बोलू नको. बोलून तो काय परत येतो?"

कल्पेश बोलला नाही. जेवेना मात्र. सत्यवतीबाई रोज ताट झाकून ठेवायच्या आणि रोज सकाळी गाईला घालायच्या.

मग ती ईमेल आली. सत्यवती रिसर्च लॅबच्या नावाने, पण कल्पेशच्या फोनवर, कारण किट मागवताना पत्ता त्यानेच आपला टाकला होता. रविवार सकाळ होती. तो ओटीवर बसला होता, सत्यवतीबाई वाती वळत होत्या. त्याचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काय लिवलंय?"

"काही नाही."

"काय लिवलंय ते वाच, कल्पेश."

त्याने वाचलं. कंपनीने आनंदाने कळवलं होतं की नव्या प्रोसेसरची सुधारलेली आवृत्ती आता बाजारात आली आहे. आधीचे दोष काढले आहेत, माल भरपूर आहे, कोणीही हवा तेवढा घ्यावा, दोनची मर्यादा उठवली आहे. खाली लिहिलं होतं : प्रिय सत्यवती, आमच्या किटमधून तुम्ही काय घडवलंत? आम्हाला ऐकायला आवडेल.

मग इतके दिवस अडलेलं सगळं बाहेर आलं. कागद, दोष, एसी, कपाटातली जुनी टिटवी, शर्टाच्या आत ठेवलेली नवी. सत्यवतीबाई वात वळायच्या थांबल्या. त्यांनी पांढऱ्या खोक्याकडे बघितलं, मग त्याच्यातल्या वाती काढून पदरात घेतल्या आणि खोकं दूर सारलं.

"म्हंजे कृष्णाच्या गल्यात माझ्या नावाची चिप होती?"

"कोणाच्या नावाची ते कळायला मार्ग नाही, आई. सगळ्या एकाच ट्रेमध्ये होत्या. तुझी असेल, फेबियनची असेल, कोणाचीही."

"माझ्या नावावर दोन आल्या," त्या म्हणाल्या. "एक त्याच्याकडे होती असं धरू. दुसरी कोनाच्या छातीवर हाय?"

इतके दिवस कल्पेश फक्त मेलेल्या माणसाचा विचार करत होता. जिवंत असलेल्यांचा केलाच नव्हता. भिवंडीपासून डहाणूपर्यंत टिटव्या गेल्या होत्या, आणि बाहेर एप्रिल संपून मे लागला होता.

त्याने काकांना फोन केला.

"येड्यासारखं करू नको," काका म्हणाले. "नवा माल आता मिळतोय ना? मागवू. गुपचूप एकेक बदलून देऊ. म्हैनाभर लागेल."

"महिनाभर ते लोक काय करतील, काका?"

कल्पेशने फोन ठेवला आणि गिऱ्हाइकांचे नंबर काढले. पहिल्याला लावला, सांगितलं. आमची टिटवी वापरू नका, बंद करा, तिच्या भरवशावर कोणाला आत उतरवू नका. का, तेही सांगितलं. समोरचा आधी चक्रावला, मग शिव्या घालायला लागला. कल्पेशने त्या ऐकून घेतल्या आणि पुढचा नंबर लावला. सत्यवतीबाई शेजारी बसून होत्या. संजनाकडे जायचंय, त्यांनी मधेच सांगितलं, हे झालं की दोघांनी जायचंय, आणि तिथे तू बोलायचंस. त्याने मान हलवली.

पुढचा नंबर विरारच्या एका मुकादमाचा होता. मागे पंप चालल्याचा आवाज येत होता.

"बोला साहेब, पटकन बोला, काम चालू आहे."

"तुमच्याकडची टिटवी बंद करा. कोणी आत उतरलं नाही ना?"

"उतरलाय की. आत्ताच गेला."

"बाहेर काढा त्याला!"

"का हो? बघून सोडलाय त्याला," मुकादम म्हणाला. "दिवा हिरवाच आहे, साहेब."

कल्पेश उठून उभा राहिला आणि ओरडायला लागला. काढा, काढा त्याला, ओढा वर. पलीकडे फोन कुठेतरी पडला, धावणारे पाय ऐकू आले, पंप तसाच चालू होता. शेजारपाजारची माणसं अंगणात जमली. कल्पेश ओरडायचा थांबला नाही.